फार्मसाहेबांचा कोरा पट्टा

मागच्या वेळी तुम्ही सगळे इथे होता तेव्हा मीरूने जेवणाच्या टेबलावर एक तक्ता पसरला होता. तिच्या डॉक्टरणीने दिलेला. गोळ्या, तांबी, इंजेक्शन, पुरुषांनी वापरायच्या पिशव्या. आणि प्रत्येकापुढे ते साधन किती लागू पडते, किती वेळा दगा देते. तुम्ही त्यावर मोकळेपणी वाद घातलात, आणि मग मीरूने मला विचारले, "आजी, तुझ्या वेळी यातलं काय काय होतं गं?" मी "वांग्याची भाजी घे" म्हणाले आणि उठले.

तुम्हाला वाटले, आजी लाजली. तसे नव्हते. उत्तर द्यायचे तर मला श्रीधरराव देशमुखांचे नाव घ्यावे लागले असते, आणि तो माणूस भरल्या ताटावर आठवावा असा नव्हता. आता तुम्ही आपापल्या घरी पोहोचला आहात, मलाही उसंत आहे, तेव्हा क्रमाने लिहिते. मात्र एक आधीच सांगून ठेवते. मला तो माणूस आवडत नव्हता. जिवंत असताना आवडत नव्हता आणि मेल्यावरही माझे मत बदललेले नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असे तुमचे आजोबा नेहमी सांगत. या गृहस्थांच्या बाबतीत मात्र त्यांनी मला कधी अडवले नाही.

लग्नानंतर मी खामगावला आले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. तुमचे आजोबा हायस्कुलात गणित शिकवत, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. आमच्या भिंतीला लागून श्रीधररावांचे घर. गावाबाहेर कापसाची जिन-गिरणी असलेल्या एका शेठचा बियाण्यांचा मळा होता, तिथे कापसाची नवी नवी वाणे लावून पाहत. श्रीधरराव शेतकी कॉलेजात शिकून आलेले आणि त्या मळ्याचे मुख्य. गाव त्यांना फार्मसाहेब म्हणे.

इस्त्रीचा खाकी कोट आणि कोटाच्या खिशात कापसाचे एक उमललेले बोंड, असे ते कायम दिसत. बोलता बोलता बोंडातून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही चिमटींत धरून सावकाश ओढायचा, आणि तंतू किती लांब निघाला ते उजेडाकडे धरून बघायचे. समोरच्याची आई आजारी असो की मुलगा नापास झालेला असो, तंतू ओढला जायचाच. बोलणारा घुटमळून थांबला की मान वर न करता ते विचारत, "हं, पुढे?" गावात पुष्कळांना हे शांत स्वभावाचे लक्षण वाटे.

मळ्यावर ते जमिनीचे सारखे पट्टे पाडत. एकाला शेणखत, एकाला पेंड, एकाला आणखी काही. आणि एक पट्टा असा, की ज्याला काहीच द्यायचे नाही. त्याला ते कोरा पट्टा म्हणत. आम्हाला मळा दाखवायला नेले तेव्हा त्या खुरटलेल्या पट्ट्याशी ते सर्वांत जास्त वेळ उभे राहिले होते. "हा नसेल तर बाकीचे सगळे पट्टे मुके," ते म्हणाले. "खताचा गुण आला की पावसाचा, सांगणार कोण? आणि वहिनी, एका वेळी एकच फरक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की ज्ञान संपलं." शेतापुरते हे बरोबर आहे. माझे भांडण शेताशी नाही.

पण हे त्यांनी घरात आणले. एका थंडीत त्यांच्या दोन थोरल्या मुलांना एकदमच खोकला झाला. श्रीधररावांना आनंद झाला; मी उगाच लिहीत नाही, ते खरोखर हात चोळत आमच्याकडे आले. एकाला अडुळशाचा काढा द्यायचा, दुसऱ्याला काही नाही. दोघे सारखेच बरे झाले. अडुळसा निरुपयोगी आहे असे त्यांनी क्लबात जाहीर केले, आणि गावातल्या दोन-तीन शिकलेल्या घरांतून अडुळसा हद्दपार झाला. त्यांची बायको गोदाबाई मला मागच्या दारी भेटली. पदराआड तिच्या हातात वाटी होती.

"तुम्हाला काय वाटलं, मास्तरीणबाई?" ती म्हणाली. "एक पोट्टं खोकून राह्यलं, न मी दुसऱ्यालेच पाजीन? दोघांलेही पाजला. साहेब मळ्यावर गेले का लगेच."

गोदाबाई वरवट बकालच्या शेतकरी घरातली. ठेंगणी, रुंद हाडाची, कामाला वाघ. श्रीधरराव तिची भाषा चारचौघांत सुधारत. ती "मले" म्हणाली की ते हसून "मला" म्हणत, ती "हाव" म्हणत असे आणि पुढचे वाक्य पुन्हा "मले"नेच सुरू करी. तो त्यांना अडाणीपणा वाटे. मला तसे कधी वाटले नाही.

ते सुधारक होते, हे नाकारत नाही. बायकोला खुर्चीवर बसवत, पाहुण्यांना स्वतः चहा करून देत. त्या काळी पाळीच्या दिवसांत बायकांनी वेगळे बसायचे, वेगळे निजायचे, कोणी त्यांना शिवायचे नाही, अशी चाल घरोघर होती. ती त्यांनी घरातून काढून टाकली. चातुर्मास काढला, सोमवार काढले, एकादश्या काढल्या. बाळंतपणाला माहेरी पाठवणे बंद केले. यातले बरेचसे आमच्याही घरी नव्हते, आणि मी स्वतः त्या बाहेर बसण्याच्या विरुद्ध शाळेत पोरींना सांगत असे. पण एकदा गहू निवडता निवडता गोदाबाई जे बोलली ते मी विसरले नाही.

"माह्या मायले आमी तीनच लेकरं," ती म्हणाली. "तिचे बाहेरचे दिवस निराळे, सोमवार निराळे, चातुर्मासात चार महिने देवापाशी निजे. बाळंतीण झाली का वर्षभर माहेरी. माहा बाप काही बोले का? देवाच्या पुढं काय बोलन? साहेबानं साऱ्या देवांले घराबाहेर काढलं, मास्तरीणबाई. बरंच केलं असन. पण आता माह्या बाजूनं कोनी राह्यलंच नाही."

तिला तेव्हा चार मुलगे होते. पाचव्या वेळी बाळ पोटातच गेले आणि रक्त थांबेना. अकोल्याहून डॉक्टरीणबाईंना आणवले. त्या दोन दिवस राहिल्या, आणि निघताना ओसरीवर श्रीधररावांना स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "यापुढे मूल नको. पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, माझा उपयोग होणार नाही. मी रबरी टोपी मापाने बसवून देते, घेऊन या यांना महिन्याभरात."

"अगदी मान्य," श्रीधरराव म्हणाले. खिशातून कापूस निघालेला होता.

महिन्याभरात ते अकोल्याला गेले नाहीत. मुंबईहून व्ही. पी.ने एक भले मोठे पार्सल मात्र आले.

त्या संक्रांतीला त्यांनी गोदाबाईच्या हळदीकुंकवात स्वतः व्याख्यान दिले. तबकात वाणाऐवजी पार्सलमधल्या वस्तू मांडल्या होत्या. बायका पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या. बांगड्या भरायला आलेली अमीनाबी तेवढी टोपली घेऊन पुढे बसली. श्रीधररावांचे बोलणे स्वच्छ होते, चावटपणा नावाला नव्हता, तेवढे श्रेय देते. पुरुषाचा संयम हे सर्वांत सोपे साधन, पण बेभरवशाचे, असे त्यांनी सुरू केले.

"साहब, आपने तो अपने मुंह से बोल दिया!" अमीनाबी म्हणाली, आणि अख्खी ओसरी हसली.

तेही हसले. वेळेवर मागे सरणेही तसेच, पुरुषाच्या हातातले आणि म्हणून कच्चे. मग तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, बाईने आत ठेवायचा. कापूस आपल्याच मातीतला. मग क्विनाईनच्या वड्या, त्याही आत ठेवायच्या, विलायती, चांदीच्या कागदात. पुरुषाची रबरी पिशवी त्यांनी चिमटीत उचलली, "ही बरीच खात्रीची आहे, पण सुखात व्यत्यय येतो," म्हणाले आणि लगेच खाली ठेवली.

"कोणाच्या?" मी विचारले.

"हं?" त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि टोपी उचलली. वाटीएवढी, तपकिरी, काठाला स्प्रिंग असलेली. डॉक्टरणीने एकदा मापाने बसवून द्यायची, मग बाईने रात्री मलम लावून स्वतः आत ठेवायची, सकाळी काढून धुवायची. विलायतेत हिचे फार नाव आहे.

गोदाबाई तिळगुळाचे ताट घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग यातलं पक्कं कोन्तं हाये, थे सांगा न."

"तेच तर पाहायचं आहे," श्रीधरराव म्हणाले. "साध्यापासून सुरुवात करू. एका वेळी एकच फरक."

बायका गेल्यावर मी त्यांना विचारले, डॉक्टरीणबाईंनी टोपी सांगितली असताना बोळा कशाला? त्यांच्याजवळ उत्तर तयार होते आणि ते उत्तर चांगले होते, हीच त्यांच्यातली चीड आणणारी गोष्ट. "वहिनी, खेड्यातल्या बाईला टोपी कुठून मिळणार? तिला बोळाच मिळणार. तो किती लागू पडतो, हे कोणीतरी पाहिलंच पाहिजे ना?"

"कोणीतरी म्हणजे या?"

"आमच्या मंडळींची पूर्ण संमती आहे," ते म्हणाले.

बोळा उन्हाळ्याआधीच फसला. दिवस राहिले आणि दुसऱ्या महिन्यात गर्भ आपोआप पडला. गोदाबाई आठवडाभर पांढरीफटक पडून होती. श्रीधरराव तिच्या उशाशी बसत, मोसंब्याचा रस स्वतः काढून देत. आणि आमच्या ओसरीवर येऊन म्हणत, "तेलाचा बोळा बाद. उपयुक्त माहिती मिळाली."

मग वड्या. त्या विलायतेच्या थंडीसाठी केलेल्या, आणि इथे खामगावचा मे महिना. चांदीचा कागद उघडला की आत तूप. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवल्या, तरी तेच. गोदाबाई म्हणाली, "हे काय लावू, साहेब? कढीत टाकायची फोडणी दिसते." त्यांना हे फार आवडले, कारण हेही एक निरीक्षण होते. वड्या वितळतात हे दिसत असताना त्यांनी त्या थांबवल्या का? नाही. हंगाम अर्धा सोडायचा नसतो, ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात यमूचा जन्म झाला. तेव्हा पुन्हा डॉक्टरीणबाईंना आणवले, 'बोलावू नका' म्हणाल्या होत्या तरी त्या पुन्हा आल्या, हे त्या बाईंचे मोठेपण. गोदाबाई वाचली कशी, हे त्यांनाही सांगता येईना. या वेळी त्या श्रीधररावांशी बोलल्याच नाहीत. गोदाबाई उठून बसू लागल्यावर त्यांनी तिला स्वतः टांग्यात बसवून स्टेशनवर नेले, अकोल्याला नेले आणि टोपी बसवून, वापरायची कशी ते तीनतीनदा तिच्याकडून करून घेऊन परत पाठवले.

टोपी लागू पडली. मीरू, तुझ्या तक्त्यात ती आता कुठे आहे मला ठाऊक नाही, बरीच खाली असेल. आमच्या शेजारी ती दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे लागू पडली. गोदाबाईच्या गालावर मांस आले. ती मोठ्याने हसायला लागली. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येई. एकदा वाळवणावर हात फिरवताना ती मला म्हणाली, "आता दिवस मावळला का पोटात गोळा येत नाही, बाई. एवढे वर्ष मले वाटे, साऱ्याच बायांले असा गोळा येते."

टोपी ठेवायची जबाबदारी श्रीधररावांनी घेतली होती. रबर उन्हाने चिरते, म्हणून ते तिला पावडर लावून, बियाण्यांच्या कपाटात, झाकणाच्या बरणीत ठेवत. कपाटाला कुलूप, किल्ली घड्याळाच्या साखळीला. हे सगळे काळजीपोटीच होते. तंबाखूची डबी बंद करावी तसे अलगद ते बरणीचे झाकण लावीत.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी ती बरणी उघडायचे बंद केले.

मला हे गोदाबाईने सांगितले तेव्हा वाटले, हिच्या समजण्यात काही चुकते आहे. मी सरळ त्यांच्या ओसरीवर गेले. ते सरकी निवडत होते.

"त्याचं असं आहे वहिनी," ते म्हणाले, "हिचं वय आता छत्तिशीच्या पुढे. या वयात काही बायकांना आपोआपच राहत नाही. मग हा गुण टोपीचा की वयाचा? आपल्याजवळ तुलनेला काय आहे?"

मला कळले होते, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवे होते.

"एक वर्ष काहीच करायचं नाही," ते म्हणाले. "कोरा पट्टा. नाहीतर मागच्या सगळ्या वर्षांना अर्थ नाही."

"श्रीधरराव, शेतातलं पीक बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं."

"भावना बाजूला ठेवून विचार करा. तुम्ही शिकलेल्या आहात." आणि चिमटीतला तंतू उजेडाकडे धरून त्यांनी माझ्यासाठी तो आणखी थोडा ओढून दाखवला. "मलाही मुलाची हौस नाही. शक्यता फार थोडी आहे. पण ज्ञान हजारो बायकांना उपयोगी पडेल."

हजारो बायकांविषयी त्या माणसाला खरोखर कळवळा होता. हजारोंत एक जरी कमी असती तरी त्यांच्या लक्षात आले असते. घरातली एक मात्र मोजणीत धरलेली नव्हती. आणि तबकातली ती पुरुषाची पिशवी? तिचा पट्टा त्यांनी कधी पाडलाच नाही.

मी गोदाबाईला म्हटले, "तू नाही म्हण ना."

"साहेबाले?" ती म्हणाली. "थे रागावत असते त भांडली असती, बाई. थे रागावत नाहीत. थे समजावतात. माहे डोळे मिटून जातात तरी समजावून राह्यतात. मंग मीच म्हनतो, करा बाप्पा काय करायचं थे."

दुसरी टोपी मिळवावी म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे अकोल्याला निरोप धाडला. त्यांची बदली मद्रासकडे झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी नवऱ्याला सोबत आणा म्हणून सांगितले. माहेरी जाऊन राहावे, तर गोदाबाईचे माय-बाप दोघेही गेलेले, भावाच्या घरी जागा नाही. असे करता करता पहिला महिना कसाबसा टळला. तिच्या पोटातला गोळा परत आला होता. ती माझ्याशी बोलताना दाराकडे बघत बघत बोले.

त्याच सुमारास शेठच्या आईने, माजींनी, शेगावला दर्शनाला जायचे ठरवले. सोबतीला त्यांनी गोदाबाईला बोलावले आणि गोदाबाईने मला ओढले. मालकाच्या आईला नाही कोण म्हणणार? "जा, हवापालट होईल," श्रीधरराव म्हणाले. देवळाविषयी त्यांनी एक थट्टाही केली, ती लिहिण्यासारखी नाही.

खामगावहून जलंब, जलंबला गाडी बदलून शेगाव. गोदाबाई वाटभर पदराचे टोक बोटांत वळत बसली होती. मला वाटले, हिला बरे वाटत नाही. महाराजांच्या समाधीपुढे दुपारची गर्दी होती. माजींनी पेढे ठेवले, नमस्कार केला. आम्ही मागे सरलो. गोदाबाई मात्र पुढे गेली, पदर पसरून गुडघ्यावर बसली, आणि जिची भाषा नवऱ्याने पंधरा वर्षे सुधारली होती ती बाई देऊळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"महाराज, मी लाख वातीचा नेम धरतो. माह्या हातानं वळीन. लाख पुऱ्या होतपावतर देवापुढं घोंगडीवर निजीन, शेज सोडीन. माजी साक्षीले हायेत."

मग माजींनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. "लाख बाती! बहुत बडा नेम, बेटी! कापूस मी पाठवते रोज."

"कापूस घरचाच हाये, माजी," गोदाबाई म्हणाली. "साहेबाच्या खिशात राह्यते."

परतीच्या गाडीत माजींना डुलकी लागली तेव्हा मी हळूच विचारले, "गोदाबाई, लाख वाती किती दिवसांत होतात?"

"ज्याची त्याची सवड, बाई. कोनी धडाधड वळते. कोनाले दिवसाच्या धा-पाचच होतात." तिने खिडकीतून बाहेर पाहिले आणि आपली बोटे उघडमीट केली. "माहे बोटं आजकाल लय आखडून राह्यले."

श्रीधरराव आधी हसले. मग समजावू लागले. सबंध आठवडा समजावले. भिंतीपलीकडून त्यांचा तो शांत, गोड, न थांबणारा आवाज आम्ही ऐकत होतो. "यात कार्यकारणभाव काय?" ते विचारत, आणि गोदाबाईचा आवाज येई, "हाव, साहेब." ती वात वळत असायची. ज्या देवांना त्यांनी घराबाहेर काढले होते त्यांच्यापैकी एकाला तिने कोनाड्यात बसवले होते आणि त्याच्यापुढे काळी घोंगडी अंथरली होती.

ते घोंगडीचे मनावर घेणार नाहीत, अशी मला धास्ती होती. पण पहिल्याच गुरुवारी माजींची बग्गी त्यांच्या दाराशी उभी राहिली. माजींनी समई आणली, तेल आणले, घोंगडी हाताने चाचपून पाहिली, आणि शेजारणी-पाजारणी कुंकू लावून घ्यायला रांगेने आल्या. अमीनाबीसुद्धा येऊन हिरव्या बांगड्या भरून गेली. दुसऱ्या दिवशी मळ्यावर शेठ स्वतः श्रीधररावांना म्हणाले, "देशमुखसाहेब, तुमच्या घरी लक्ष्मी आहे. तिच्या नेमाला धक्का लागता कामा नये." हे तुमच्या आजोबांनी क्लबात ऐकले. शेठच्या मळ्यावर ज्यांची भाकरी होती, त्यांना यावर काही समजावता आले नाही.

त्यांनी एक प्रयत्न केला, तो मात्र अगदी त्यांना शोभेसा. मळ्यावरचा काटा आणून ते वळलेल्या वातींचे वजन करू लागले; वजनावरून आकडा काढायचा आणि नेम संपायची तारीख ठरवायची. त्या संध्याकाळी गोदाबाईने काट्यावर ठेवलेली सगळी जुडी समईत जाळली. "मोजलेल्या वाती देवाले चालत नाहीत," ती माजींना म्हणाली. "गिनना ही नहीं चाहिए," माजी म्हणाल्या, आणि तो प्रश्न मिटला. पुढे ती रोज वळी आणि रोज जाळी. ढीग म्हणून कधी दिसलाच नाही. जो माणूस घरातले प्रत्येक बी मोजत होता, त्याच्या घरात एक मोजणी अशी सुरू झाली की जिचा आकडा त्याला कधीच मिळणार नव्हता.

ते गावात व्याख्याने देत राहिले. लढाई सुरू झाली, पार्सले येईनाशी झाली, तरी तबक तेच. क्लबात एकदा एका वकिलाने विचारले, "फार्मसाहेब, एवढं सगळं पाहिलंत, आता सांगा, सर्वांत खात्रीचं कोणतं?" श्रीधरराव घसा साफ करून तुलना सुरू करणार तोच तुमचे आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "लाख वाती." गणिताच्या मास्तरांनी जन्मात केलेला तो एकच विनोद. क्लब किती वेळ हसत होता ते त्यांनी मला घरी येऊन सांगितले, आणि मी त्यांना पुन्हा सांगायला लावले. श्रीधररावांनी त्यानंतर आमच्याशी बोलणे कमी केले. मला त्याचे दुःख झाले नाही.

आम्ही खामगाव कायमचे सोडून नागपूरला निघालो त्या दिवशी निरोप घ्यायला मी शेवटची त्यांच्याकडे गेले. यमू तेव्हा मॅट्रिकला बसायची होती. मुलगे नोकरीधंद्याला लागले होते. श्रीधरराव ओसरीवर आरामखुर्चीत होते, केस पांढरे, खाकी कोट तोच. मला बसवून ते आत गेले आणि कपाटातली बरणी घेऊन आले. आत टोपी होती, म्हणजे जे उरले होते ते. रबर चिरून, पावडरीत लिबलिबीत होऊन काचेला चिकटले होते.

"बघा वहिनी," ते म्हणाले. "सलग इतक्या वर्षांचं काम. शेवटच्या हंगामात हिने नासवलं. टोपीचा गुण होता की वयाचा, हे आता कधीच सांगता येणार नाही."

"गोदाबाई जिवंत आहे, श्रीधरराव."

"एका उदाहरणावरून काय सिद्ध होतं?" ते म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

तेवढ्यात गोदाबाई आतून आली. तिचेही केस आता पांढरे झाले होते, पन्नाशी उलटली होती. ज्या भीतीपायी तिने नेम धरला ती केव्हाच मागे पडली होती. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावले, ओटी भरली. मग वाकून नवऱ्याच्या खिशातून ते बोंड काढून घेतले, जमिनीवर मांडी घातली आणि मांडीवर वात वळायला लागली. बोटे आखडलेली मुळीच नव्हती. भराभर चालत होती.

श्रीधरराव तिच्या हातांकडे बघत होते. मी उठले, चप्पल पायात सरकवली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"अजून किती राहिल्या?"

"लय हायेत, साहेब," गोदाबाई म्हणाली.